संगणक शिकायचा कोणी? डार्टमथ कॉलेजची गोष्ट

आज आपण एका शब्दापासून सुरुवात करू. तो शब्द म्हणजे ‘ऑनर्स’. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तो आपल्या महाराष्ट्रात पुन्हा घरोघरी ऐकू येऊ लागला आहे. तीन वर्षांची पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स. पालक विचारतात, याने नोकरी मिळते का? प्रश्न रास्त आहे. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आम्हाला त्याच्या आधीचा प्रश्न पडतो. हा मान नेमका कशाचा? आणि ज्याला तो मिळाला, त्याच्याकडून त्या बदल्यात काय अपेक्षा करायची?

या प्रश्नाची चर्चा नुसत्या संकल्पनांवर करता येईल, पण ती हवेत राहील. म्हणून आपण इतिहासातलं एक उदाहरण घेऊ. पदवीच्या मुलांना संगणक शिकवायला सुरुवात झाली तेव्हा काय घडलं, ते पाहू. हेच उदाहरण का? तर गणित, संस्कृत, कायदा या विषयांना शेकडो वर्षांची परंपरा होती. कोणाला किती शिकवायचं हे ठरून गेलेलं होतं. संगणकाच्या बाबतीत पाटी कोरी होती. शिकायचं कोणी, निवडक लोकांनी की सगळ्यांनी, हे पहिल्यापासून ठरवावं लागलं. आणि अमेरिकेतल्या एका लहानशा गावातल्या कॉलेजने त्याचं जे उत्तर दिलं, ते आजही विचार करायला लावणारं आहे.

आधी ऑनर्सची कुळकथा थोडक्यात. ऑक्सफर्डमध्ये १८०० साली परीक्षेचे नवे नियम झाले आणि सामान्य पदवीपेक्षा वरची, मानाची परीक्षा वेगळी झाली. केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा त्याहून जुनी. तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणत. हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायला नको. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली तिथे सीनियर रँग्लर झाले आणि जन्मभर रँग्लर परांजपे म्हणूनच ओळखले गेले. म्हणजे बघा, परीक्षेतला क्रमांक माणसाच्या नावाचा भाग झाला! पुढे फ्रँक एडलॉट नावाचे अमेरिकन गृहस्थ ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले, स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले, आणि १९२२ मध्ये त्यांनी तिथे ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. शेवटची दोन वर्षं, निवडक मुलं, लहान चर्चावर्ग, आणि परीक्षक बाहेरचे. तिथून ही कल्पना अमेरिकेत पसरली.

कल्पना चांगलीच होती. हुशार मुलाला वर्गाच्या सरासरी चालीने चालायला लावणं हा त्याच्यावर अन्यायच. पण तिच्यात एक गृहीतक दडलेलं होतं. खोल ज्ञान थोड्यांसाठी आणि वरवरचं ज्ञान बाकीच्यांसाठी, असं ते गृहीतक. त्याकडे लक्ष असू द्या.

आता संगणकाकडे येऊ. १९५०च्या दशकात संगणक म्हणजे खोली भरून टाकणारं, लाखो डॉलरांचं यंत्र. त्याच्यापर्यंत पोचणं सोपं नव्हतं. केंब्रिजने १९५३ मध्ये संगणनाचा एक वर्षाचा डिप्लोमा सुरू केला, पण तो पदवीनंतरचा. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९६२ मध्ये. साधारण क्रम असा होता की आधी संशोधक, मग पदव्युत्तर विद्यार्थी, आणि काही उरलं तर पदवीची मुलं. इतिहासाची किंवा साहित्याची पदवी घेणाऱ्या मुलाने संगणकाला हात लावावा, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

अपवाद होता न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर गावचा. तिथलं डार्टमथ कॉलेज १७६९ सालचं. जुनं, नामांकित, पण मुख्यतः पदवीचं शिक्षण देणारं. १९५३ मध्ये तिथे गणित शिकवायला जॉन केमेनी आले. हे मूळचे बुडापेस्टचे. जन्म १९२६ चा. नाझींच्या सावलीतून त्यांचं ज्यू कुटुंब १९४० मध्ये अमेरिकेला पोचलं. प्रिन्स्टनला शिकत असतानाच त्यांना लष्करात घेतलं गेलं आणि लॉस अलामोसला पाठवण्यात आलं. तिथे अणुबाँबच्या प्रकल्पातली गणितं आयबीएमच्या छिद्रित कार्डांच्या यंत्रांवर रात्रंदिवस चालत. एकेक समीकरण सुटायला आठवडेच्या आठवडे लागत.

आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, हा माणूस तत्त्वज्ञानाचासुद्धा होता. १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट केली ती अलोन्झो चर्च यांच्या हाताखाली, तर्कशास्त्रात. हेच ते चर्च, ज्यांच्याकडे अ‍ॅलन ट्युरिंगनेही १९३८ मध्ये डॉक्टरेट घेतली. त्याच सुमारास केमेनी आइन्स्टाइनचे गणिती साहाय्यक होते, आणि १९५१ ते १९५३ या काळात प्रिन्स्टनमध्ये तत्त्वज्ञानाचे अध्यापक. तेव्हा संगणक म्हणजे फक्त अभियंत्यांचा प्रांत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. ‘यांत्रिक रीतीने काय सिद्ध करता येतं आणि काय येत नाही’ हा प्रश्न आधी तर्कशास्त्राच्या फळ्यावर आला, यंत्र नंतर आलं.

१९५६ मध्ये केमेनींनी टॉमस कर्ट्झ नावाच्या तरुण संख्याशास्त्रज्ञाला डार्टमथला आणलं. कॉलेजकडे स्वतःचा संगणक नव्हता. एमआयटीमध्ये आयबीएम ७०४ होता आणि आसपासच्या कॉलेजांना त्यावर थोडा वेळ मिळायचा. मग कर्ट्झ काय करत? कार्डांचा गठ्ठा पेटीत घालून पहाटेच्या गाडीने बोस्टनला जात. कार्डं द्यायची, निकाल घ्यायचा, परत यायचं. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर दुरुस्ती पुढच्या फेरीला, म्हणजे दोन आठवड्यांनी. यालाच आपल्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात. आता विचार करा, चूक आज केली आणि ती कळली पंधरा दिवसांनी, तर माणूस शिकणार कसा? तबला शिकणाऱ्याला आपला बोल पंधरा दिवसांनी ऐकू आला तर?

कर्ट्झ यांना त्या काळात आणखी एक अनुभव आला. एक गणित त्यांनी यंत्राच्या अगदी जवळच्या, सांकेतिक भाषेत लिहिलं. खूप दिवस दुरुस्त्या चालल्या, यंत्राचा बराच वेळ वाया गेला, उत्तर काही येईना. तेच गणित फोरट्रान या नव्या, माणसाला जरा वाचता येईल अशा भाषेत लिहिलं आणि काही मिनिटांत उत्तर हाती आलं. तोवर जाणकारांचं म्हणणं असं की यंत्राचा वेळ महाग, म्हणून माणसाने यंत्राच्या सोयीने वागावं. कर्ट्झना दिसलं ते उलटं. माणसाची सोय पाहिली तर यंत्राचाही वेळ वाचतो.

१९५९ मध्ये कॉलेजला एलजीपी-३० नावाचा टेबलाएवढा संगणक मिळाला. त्याची स्मृती ४,०९६ शब्दांची. आजच्या हिशेबात काहीच नाही. पण पदवीच्या मुलांना त्यावर मोकळेपणाने काम करू दिलं, आणि काय व्हावं? त्या मुलांनी त्या इवल्याशा यंत्रावर अल्गोल या भाषेसाठी भाषांतरक, म्हणजे कंपायलर, लिहून दाखवला. हे काम तेव्हा कंपन्यांमधले अनुभवी लोक करत. इथे केमेनी आणि कर्ट्झ यांच्या लक्षात आलं की पदवीच्या मुलांची कुवत आपण सगळेच कमी धरत आलो आहोत.

आता सांगा, दुसऱ्या कुठल्याही कॉलेजने इथे काय केलं असतं? या चार-सहा हुशार मुलांसाठी खास ऑनर्सचा वर्ग काढला असता, यंत्र त्यांच्या हवाली केलं असतं आणि वार्षिक अहवालात त्यांचे फोटो छापले असते. डार्टमथने तसं केलं नाही. त्यांनी हिशेब मांडला तो असा: आपल्या कॉलेजात विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे जाणारे विद्यार्थी साधारण २५ टक्के. उरलेले ७५ टक्के इतिहास, राज्यशास्त्र, साहित्य शिकणारे. पण उद्या सरकारात, बँकांत, उद्योगांत निर्णय घेणार आहेत ते बहुतेक या ७५ टक्क्यांतले. त्यांना संगणक म्हणजे काय, तो काय करू शकतो आणि काय नाही, हे कळलं नाही तर ते निर्णय कशाच्या आधारावर घेतील? आणि ‘संगणकाविषयी’ व्याख्यानं देऊन भागणार नाही, प्रत्येकाने स्वतः आज्ञावली लिहिली पाहिजे. पोहणं काठावरून शिकता येत नाही.

अडचण उघड होती. यंत्र एक, मुलं शेकडो. उपाय एमआयटीच्या जॉन मॅकार्थी यांनी सुचवला, जे आधी डार्टमथलाच होते: वेळेची वाटणी, म्हणजे टाइम-शेअरिंग. ही कल्पना आपण पंगतीवरून समजून घेऊ. पंगतीत वाढपी एक आणि पानं वीस. वाढपी एकाच पानापाशी जेवण होईपर्यंत उभा राहिला तर बाकीचे उपाशी. पण तो चपळ असेल, एकाला भात, दुसऱ्याला वरण, तिसऱ्याला चटणी असं करत फिरत राहिला, तर प्रत्येकाला वाटतं वाढपी माझ्यासाठीच आहे. जेवणाऱ्याचा चावण्याचा वेळ हा वाढप्याचा फिरण्याचा वेळ. संगणकाचंही तसंच. माणूस टाइप करताना, विचार करताना, डोकं खाजवताना यंत्र दुसऱ्याचं काम उरकतं.

या योजनेसाठी त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. अर्ज तपासणाऱ्यांच्या मनात शंका आली. अशी गुंतागुंतीची व्यवस्था मोठमोठ्या प्रयोगशाळांना जड जाते, ती तुम्ही पदवीच्या पोरांकडून करून घेणार? तरी अनुदान मिळालं. १९६४च्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकची यंत्रं कॉलेज हॉलच्या तळघरात आली. यंत्रं दोन होती: एक हिशेब करणारं, आणि डेटानेट-३० नावाचं दुसरं, जे टेलिटाइपवरून येणारी अक्षरं गोळा करून कोणाची पाळी कधी हे ठरवत असे. या दोघांमध्ये संवाद घडवणारी व्यवस्था लिहिण्याचं मुख्य काम मायकेल बुश आणि जॉन मॅकगीची या, विशीच्या आसपासच्या पदवीच्या विद्यार्थ्यांकडे होतं. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास दोन टेलिटाइपवरून दोन आज्ञावल्या एकाच वेळी चालल्या आणि दोन्हींनी बरोबर उत्तरं दिली. त्याच वर्षीच्या शरदातल्या सत्रात २० टेलिटाइप लागले होते आणि पहिल्या वर्षाची शेकडो मुलं ते वापरत होती.

त्या पहाटे चाललेल्या आज्ञावल्या एका नव्या भाषेत होत्या. तिचं नाव बेसिक. आमच्या पिढीतल्या अनेकांच्या मुलांनी ती शाळेत शिकली आहे. आपल्याकडे १९८४च्या सुमारास ‘क्लास’ नावाच्या सरकारी योजनेतून निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले, तेव्हा त्यांच्याबरोबर हीच भाषा आली. पण ती मुळात कोणासाठी केली होती हे फारसं सांगितलं जात नाही. फोरट्रानमध्ये एकपासून दहापर्यंत दोन-दोनच्या उड्या मारायच्या तर ‘डू १०० आय = १, १०, २’ असं लिहायचं. यात कोणता आकडा कशाचा, हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. बेसिकमध्ये लिहायचं ‘फॉर आय = १ टू १० स्टेप २’. वाचलं की कळलं. यंत्राशी बोलणं सुरू करायला ‘हॅलो’ आणि संपवायला ‘गुडबाय’. पहिल्या आवृत्तीत एकूण आज्ञा पंधराच्या आत-बाहेर. साहित्याच्या विद्यार्थ्याला दोन-तीन तासांत एवढं पुरे. म्हणूनच ते सगळं पहिल्या वर्षाच्या गणितात बसवलं गेलं: थोडी व्याख्यानं, मग स्वतः लिहायच्या काही आज्ञावल्या, आणि त्या बरोबर आहेत का हे तपासायलाही यंत्रच.

दुसरा निर्णय पैशाचा. वापरणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्क नाही आणि परवानगीची चिठ्ठी नाही. केमेनी उपमा देत ती ग्रंथालयाची, तीही मोकळ्या कपाटांच्या ग्रंथालयाची. वाचकाने स्वतः कपाटापाशी जावं, हवं ते पुस्तक काढावं, चाळावं. आता आपल्याकडच्या जुन्या संगणकांच्या खोल्या आठवा. दाराला कुलूप, आत वातानुकूलन, बाहेर चपलांची रांग, आणि ‘विनापरवानगी प्रवेश नाही’ची पाटी. आमचे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी त्या काचेतून आत बघायचे, देवळाच्या गाभाऱ्यात बघावं तसे. यंत्र महाग होतं, धूळ वाईट होती, हे सगळं खरं. पण यंत्र हॅनोव्हरलाही महागच होतं. आणि तिथे मुलं खेळसुद्धा खेळत. ते वेळेचा अपव्यय मानलं जात नसे, कारण खेळताना यंत्राची भीती मोडते. १९६६ मध्ये संगणनासाठी किविट केंद्राची वेगळी इमारत उभी राहिली, आणि टेलिफोनच्या तारांनी बाहेरच्या शाळा-कॉलेजंही जोडली गेली.

आरतीचं ताट इतकं ओवाळलं, आता दोषही पाहू. पहिला दोष मोठा आहे. ‘सगळ्यांसाठी’ म्हणताना ते सगळे कोण होते? डार्टमथमध्ये तेव्हा फक्त मुलगे शिकत. मुलींना पदवीसाठी प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये, केमेनी स्वतः अध्यक्ष झाल्यावर. म्हणजे आठ वर्षं ‘सगळे’ या शब्दात निम्मं जग नव्हतं. दुसरं, कॉलेज श्रीमंत होतं, सरकारी अनुदान होतं, कंपनीची मदत होती. तिसरा आक्षेप विद्वानांचा. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये अतिशय बोचऱ्या शब्दांत लिहिलं की बेसिकने ज्यांची सुरुवात झाली त्यांना चांगली आज्ञावली लिहायला शिकवणं जवळजवळ अशक्य. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. या ओळीवरून त्या ओळीवर उड्या मारत लिहिलेली आज्ञावली गुंतवळासारखी होते, आणि त्या भाषेत अशा उड्या मारणं सोपं होतं. पण डाइक्स्ट्रा बोलत होते ते उद्याच्या संगणकशास्त्रज्ञाबद्दल. केमेनी-कर्ट्झ यांच्या डोळ्यांपुढे होता उद्याचा न्यायाधीश, संपादक, मंत्री. वादात दोन्ही बाजू बरोबर असू शकतात, जर त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतील.

या लोकांना समज द्यायची कशासाठी, हे सांगायला एक घटना पुरेशी आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंड इथल्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. चौकशी आयोगाचे अध्यक्ष म्हणून राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमले ते जॉन केमेनी यांना. आयोगाला काय आढळलं? पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रणकक्षात शंभराहून जास्त धोक्याचे इशारे एकदम वाजू लागले. यातला महत्त्वाचा कोणता, हे ओळखायला काही मार्ग नव्हता. संगणकाला जोडलेलं छपाईयंत्र घटनांच्या बरंच मागे पडलं होतं. माणसं प्रामाणिक होती, कामावर हजर होती, पण समोरचं यंत्र काय सांगतंय हे त्यांना उमगत नव्हतं. मुळातले प्रश्न यंत्रापेक्षा माणसांचे, त्यांच्या प्रशिक्षणाचे आणि संस्थांच्या वृत्तीचे आहेत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. जो माणूस पंधरा वर्षांपूर्वी म्हणत होता की यंत्र चालवता येणं आणि यंत्र समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्याच्याच हातून हा अहवाल लिहिला गेला.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे. आज तुमच्या लक्षात आलं असेल, ७५ हा आकडा दोनदा आला. एक ७५ टक्के आपल्याकडचे, गुणांचे. ते मिळाले तर तुम्ही कुंपणाच्या आत. दुसरे ७५ टक्के डार्टमथचे, म्हणजे कुंपणाबाहेर राहिले असते ते विद्यार्थी. तिथल्या प्रयोगाचं मर्म असं की त्यांनी हुशारी नाकारली नाही आणि सगळ्यांना एका मापात कोंबलं नाही. बुश आणि मॅकगीची यांना जे काम दिलं ते कुठल्याही ऑनर्सच्या प्रबंधापेक्षा अवघड होतं. फक्त ते काम असं निवडलं की त्याचा उपयोग वर्गातल्या सर्वांत साध्या मुलाला व्हावा. निवडकांची खोली आणि सगळ्यांची समज या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती नाहीत. एकीने दुसरीचा पाया घालायचा असतो.

आज आपल्या कॉलेजांमध्ये चौथ्या वर्षाचे प्रकल्प सुरू होत आहेत. संगणकाच्या विद्यार्थ्यांकडून नेहमीसारखं एखादं संकेतस्थळ, एखादं अ‍ॅप करून घेतलं जाईल, छापील प्रत बांधली जाईल, आणि ती कपाटात जाईल. त्याऐवजी त्यांना सांगून बघा: तुमच्याच कॉलेजातल्या मराठीच्या, इतिहासाच्या, वाणिज्यच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना संगणकाचं काम आतून कसं चालतं हे कळेल असं काही बांधा. नुसतं वापरता येईल असं नको, कळेल असं. कारण आता यंत्राला मराठीत प्रश्न विचारला तर ते मराठीत उत्तर देतं. उत्तर मिळणं कधी नव्हे इतकं सोपं झालं आहे, आणि ते उत्तर कसं तयार झालं हे ठाऊक असलेले लोक तितकेच थोडे आहेत. उत्तर तपासता न येणारा माणूस कितीही शिकलेला असो, तो त्या नियंत्रणकक्षातल्या माणसांसारखाच. सगळे दिवे लुकलुकताहेत, आणि कशाकडे बघायचं ते कळत नाही.

मान कशाचा, हा प्रश्न होता. आमच्या मते ज्याच्या कामामुळे दुसऱ्याला समज येते, त्याचा. एवढं बोलून आम्ही थांबतो. आता प्रश्न घेऊ, आणि सुरुवात मागच्या रांगेपासून करू.